भेगाळलेल्या वावरात मैलागाळ टाकण्यापूर्वी : नगरपरिषद आणि कृषी विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद,
आणि
मा. तालुका कृषी अधिकारी

विषय : प्रक्रिया केलेला मैलागाळ शेतकऱ्यांना देण्याची वेळ आणि त्याची तपासणी.

महोदय,

येत्या वैशाखात नगरपरिषदेच्या मैलागाळ प्रक्रिया केंद्रातील वाळलेले खत आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांना ट्रॉलीच्या हिशेबाने नाममात्र दरात देण्यात येईल आणि ज्यांना ते हवे असेल त्यांनी सात-बाराची प्रत घेऊन नावे नोंदवावीत, असे आमच्या ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून मागील आठवड्यात सांगण्यात आले. मी वर्धा नदीच्या काठच्या एका गावात ६ एकर काळी जमीन कसते, आणि निवृत्त होईपर्यंत २८ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. हे पत्र त्या योजनेला विरोध करण्यासाठी लिहिलेले नाही. खत अवश्य द्यावे, परंतु ते वैशाखात देऊ नये. आणि ज्या तपासणीच्या कागदावर भिस्त ठेवून ते दिले जात आहे, ती तपासणी आमच्या जमिनीला अपुरी पडते. माझे म्हणणे एवढेच आहे, मात्र त्यामागचे कारण मातीच्या सर्वांत बारीक कणांमध्ये दडलेले असल्यामुळे थोडा विस्तार करावा लागेल.

आधी खताच्या बाजूने जे बोलायचे ते बोलते. विदर्भातल्या बहुतेक कोरडवाहू वावरांच्या माती परीक्षण पत्रिकेवर सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात ०.५ टक्क्याच्या आतबाहेरचा आकडा आणि त्यापुढे ‘कमी’ हा शब्द असतो. जनावरे कमी झाली, शेणखत मिळेनासे झाले, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, जाळल्या जातात. जस्ताचीही उणीव आहेच. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये शहरी कंपोस्टला जस्ताची जी कमाल मर्यादा आहे, ती किलोमागे १,००० मिलिग्रॅम. या मर्यादेला टेकलेले खत हेक्टरी ५ टन टाकले, तर वावरात ५ किलो जस्त पडते; म्हणजे कृषी विभाग हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट टाकायला सांगतो, त्यातून जेवढे मिळते जवळपास तेवढेच. हा हिशेब मी शेजाऱ्यांना सांगते, तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. आमच्या आजोबांच्या पिढीला हे खत ‘सोनखत’ म्हणून ठाऊक होते, आणि त्या नावातले सोने ते डोक्यावरून वाहणाऱ्यांच्या वाट्याला कधीच आले नाही, ही गोष्ट वाळवणीच्या वाफ्यांवर आज काम करणाऱ्यांना हातमोजे आणि गमबूट देताना आपण ध्यानात ठेवावी.

भोंग्यावरून ‘गाळ’ हा शब्द वापरला गेल्याने एक घोळ मात्र झाला आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेतून तलावांचा गाळ आम्ही वावरांत टाकत आलो आहोत, आणि तोही उन्हाळ्यातच टाकतो. तो गाळ म्हणजे आमच्याच शिवारातून वाहून गेलेली माती असते. त्यामुळे हाही तसाच, तेव्हाच आणि तेवढाच पसरायचा, असे गावात बहुतेकांनी धरून चालले आहे. दोन्ही गाळांत बारीक कणांचा भरणा आहे, इथपर्यंत साम्य खरे आहे. त्या कणांवर काय बसलेले आहे, तिथे साम्य संपते.

हे कण किती बारीक असतात, ते सांगते. मृदाशास्त्रात ०.००२ मिलिमीटरहून लहान कणाला चिकणमातीचा कण म्हणतात. त्याहून खाली, एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून थेट दहा लाखाव्या भागापर्यंत, कलिलांचे राज्य आहे. आणि त्यातलेही १ ते १०० नॅनोमीटरचे, म्हणजे तळाकडचे, ते अब्जांश किंवा नॅनो कण. नॅनो म्हटले की आपल्याकडे युरियाची अर्ध्या लिटरची बाटली डोळ्यांसमोर येते, पण हे कण कारखान्यात जन्मलेले नाहीत. दगड कुजून माती होऊ लागली तेव्हापासून ते आहेत. शाळेत मी मुलांना एक हिशेब घालायचे. चिकणमातीचा २ हजारांश मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे ८ तास घेतो. कणाचा व्यास निम्मा झाला की वेळ चौपट होते. मग १०० नॅनोमीटरच्या कणाला किती वेळ लागेल? उत्तर येते ३,२०० तास, म्हणजे सुमारे साडेचार महिने : मृगाला सोडलेला कण दिवाळीच्या सुमारास तळाला. प्रत्यक्षात तो तेव्हाही बसत नाही, कारण पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी ढकलत राहतात. तो विरघळलेलाही नसतो आणि बसलेलाही नसतो. १८६१ साली थॉमस ग्रॅहॅम यांनी अशा पदार्थांना सरसावरून ‘कोलॉइड’ हे नाव दिले. आपल्या पाठ्यपुस्तकात ते ‘कलिल’ म्हणून येते.

पुस्तक न वाचलेल्या माझ्या आजीला त्यांना बसवायचे कसे ते माहीत होते. पुराचे गढूळ पाणी घागरीत भरून ती घागरीच्या आतल्या काठाला निवळीची बी घासायची, नाहीतर तुरटीचा खडा फिरवायची, आणि सकाळी वरचे पाणी नितळ असायचे. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. तुरटीतले ॲल्युमिनियम तीन धनभारांचे असल्यामुळे ते हा दुरावा मोडते, निवळीच्या बियांतली चिकट द्रव्ये कणांना एकमेकांशी बांधतात, आणि गोळे झालेले कण खाली बसतात. धनभार एक, दोन, तीन असा चढत गेला, की त्याची ही गोळा करण्याची ताकद पटीपटीने वाढते. हा एवढा नियम ध्यानात ठेवला, तर पुढचे सगळे कळते : सोडियमला एक भार आहे, कॅल्शियमला दोन, आणि आकाशातून नुकत्याच पडलेल्या पावसाच्या पाण्यात दोन्ही जवळजवळ नाहीत.

आमची काळी माती तर या बारीक कणांचे माहेरच आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याच्या पापुद्र्यांची आतली-बाहेरची सगळी पृष्ठे मोजली, तर एका ग्रॅममध्ये ७०० ते ८०० चौरस मीटर भरतात. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे शुद्ध स्मेक्टाइटच्या साडेपाच ग्रॅमांत, चहाच्या चमचाभर चिकणीत, एक एकर पसरलेला असतो. कापसाला पावसाच्या खंडात ओल पुरवतो तो हाच एकर. कोलकात्याचे ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, जे १९४५ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक झाले, यांनी मातीच्या कलिलांवरील विद्युतभाराच्या अभ्यासात बरीच वर्षे घातली. म्हणजे हा विषय आपल्याकडे परका किंवा कालपरवाचा नाही. या पृष्ठांवर कॅल्शियम, पोटॅश, जस्त धरले जाते. शिसे आणि कॅडमियमही धरले जाते. धरणारा हात एकच आहे, आणि काय धरावे याची निवड तो आपल्या सोयीने करत नाही.

आता मैलागाळाकडे येते. घराघरांतल्या संडासाच्या टाक्यांतून उपसलेला मैला केंद्रात येतो, तेव्हा त्यात फक्त मैला नसतो. फिनाईल, साबण, दंतमंजन, औषधे, रंगकाम करणाऱ्याने धुतलेला ब्रश, सोनारगल्लीतले धुवण, गॅरेजमधले तेल हे सारे कमीअधिक प्रमाणात त्याच वाटेने येते. प्रक्रियेत धातूंचा मोठा वाटा पाण्यातून निघून गाळात उतरतो; पाणी स्वच्छ होण्याचा अर्थच मुळी तो आहे. हवा नसलेल्या गाळात गंधकाशी जोडी जमवून धातू अतिसूक्ष्म कण बनतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथल्या एका शहराच्या तयार मैलागाळात चांदी आणि गंधकाचे ५ ते २० नॅनोमीटरचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. ते तिथे कोणी आणून टाकले नव्हते, गाळातच तयार झाले होते. चांदीच्या बाबतीत ही जोडी इतकी पक्की असते, की तिचा उपद्रव उलट कमी होतो, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जस्ताची जोडी मात्र तेवढी टिकाऊ नाही. खत हवेत पसरले आणि उलटसुलट झाले की गंधक सुटते, आणि जस्त लोहाच्या तांबूस कणांवर किंवा स्फुरदाबरोबर नव्याने बसते. हे लोहाचे कण सुरुवातीला अवघ्या काही नॅनोमीटरचे असतात आणि स्फुरद, शिसे, आर्सेनिक असे जे मिळेल ते अंगावर घेतात.

पांढऱ्या रंगातले आणि दंतमंजनातले टायटॅनियमही गाळात सापडते. कुणी उत्साही अधिकारी ‘टायटॅनियम मोजा म्हणजे गाळ कुठपर्यंत गेला ते कळेल’ असे सुचवील, म्हणून आधीच लिहून ठेवते : दख्खनच्या बेसाल्टमध्येच टायटॅनियमचे ऑक्साइड शेकडा दोन-तीनच्या आसपास असते. आमच्या मातीत ते मुळातच इतके आहे, की ट्रॉलीभर खताने पडलेली भर त्यात हरवून जाईल. नैसर्गिक कणांच्या गर्दीत बाहेरून आलेला कण ओळखणे ही या शास्त्राची सर्वांत अवघड जागा आहे, आणि काळ्या मातीत ती आणखी अवघड होते.

धातूंचा प्रश्न काढला की दोन उत्तरे मिळतात. पहिले : विदर्भाची काळी जमीन चुनखडीची, विम्लधर्मी म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, सामू (पीएच) आठच्या घरातला, अशा जमिनीत धातू विरघळत नाहीत, म्हणून ते हलत नाहीत. दुसरे : आसपासच्या विहिरींचे पाणी तपासले आहे आणि ‘विरघळलेले जड धातू मर्यादेत आहेत’. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. ती कुठे संपतात एवढेच दाखवते.

पहिल्या उत्तरात ‘विरघळत नाही, म्हणून हलत नाही’ अशी एक उडी आहे. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात १९६८ मध्ये जमिनीखाली झालेल्या अणुचाचणीतले प्लुटोनियम १.३ किलोमीटर दूरच्या भूजलात सापडले, तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले, कारण प्लुटोनियम पाण्यात फारसे विरघळत नाही आणि खडकाला घट्ट चिकटते, म्हणून ते जागचे हलणार नाही असे मानले जात होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उलगडा झाला : ते विरघळून आले नव्हते, चिकणमातीसारख्या कलिल कणांवर बसून आले होते. मी नगरपरिषदेच्या खताची तुलना अणुचाचणीशी करत नाही, हे कृपया कोणी भलत्या अर्थाने घेऊ नये. जो पदार्थ खडकाला जितका घट्ट चिकटतो, तो फिरत्या कणालाही तितकाच घट्ट चिकटतो, हा धडा तेवढा तिथून उचलावा. शिवाय सामू वाढला की तांबे आणि शिसे एकटे विरघळेनासे होतात हे खरे, पण कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा सूक्ष्म अंश पाण्यात अधिक सुटतो, आणि तांब्याची त्याच्याशी विशेष मैत्री आहे. ज्या विम्लतेवर आपण विसंबतो, तीच एका दाराला कडी लावून दुसरे किलकिले करते. चुनखडीतल्या कॅल्शियममुळे कण पुष्कळदा गोळा होऊन बसतात, हा आमच्या जमिनीचा मोठा आधार आहे. तो कधी सुटतो, ते पुढे येते.

दुसऱ्या उत्तरातला घोळ ‘विरघळलेले’ या शब्दात आहे. प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना ०.४५ मायक्रोमीटर छिद्राच्या गाळणीतून गाळतात, आणि जे पलीकडे गेले त्याला विरघळलेले म्हणतात. ही निव्वळ सोयीची रेघ आहे. ४५० नॅनोमीटरच्या त्या भोकातून ३०, १००, ३०० नॅनोमीटरचे कण सहज निघून जातात आणि त्यांच्यावरचे धातू ‘विरघळलेले’ म्हणून गणले जातात. तर ५०० किंवा ९०० नॅनोमीटरचे, जे विहिरीत तितक्याच सहज पोहोचतात, ते गाळणीवर राहून कचऱ्याच्या टोपलीत जातात. एका बाजूला चुकीचे नाव, दुसऱ्या बाजूला गैरहजेरी. मागल्या पावसाळ्यात मी माझ्या विहिरीचे पाणी तपासायला दिले होते. बाटलीतले पाणी राखाडी आणि धूसर होते. टॉर्चचा झोत आरपार सोडला, तर सिनेमागृहातल्या धुळीसारखी प्रकाशाची वाट दिसत होती, आणि हेच कलिलाचे घरगुती लक्षण. अहवालात सगळे काही ठीक आले. विचारल्यावर कळले, की तपासणीपूर्वी नमुना गाळून घेतला होता. त्या अहवालात खोटे काही नव्हते. मी जे पाणी पिते ते तपासले गेले नव्हते, इतकेच. शेजारच्या वावरात त्या वैशाखात असल्याच खताच्या दोन ट्रॉल्या पडल्या होत्या हे खरे, पण पहिल्या पावसात माझी विहीर दरवर्षीच गढूळते, म्हणून मी त्या खताला दोष देत नाही. तो द्यावा की न द्यावा, हे ठरवायला जो आकडा लागतो, तो कोणी काढलाच नाही, ही माझी तक्रार आहे.

आता भेगांविषयी. वैशाखात आमच्या वावरात जो चालला आहे, त्याला काही सांगायला नको. अनोळखी माणसाचा पाय घोट्यापर्यंत आत जातो. स्मेक्टाइट ओले झाले की फुगते, वाळले की आक्रसते, आणि उन्हाळ्याच्या टोकाला जमीन हातभर खोल, कुठे कमरेइतकी, फाटलेली असते. मृदाशास्त्रात या जमिनींना व्हर्टिसॉल म्हणतात. लॅटिन भाषेतल्या ‘उलटणे’ या धातूवरून आलेले हे नाव आहे, कारण वरची माती भेगांत पडते, पावसाने खालची फुगून वर येते, आणि जमीन स्वतःला नांगरत राहते. अशा वावरावर वैशाखात बारीक, कोरडे, भुकटीसारखे खत पसरले, तर त्याचा काही भाग पाऊस येण्यापूर्वीच वाऱ्याने आणि बंडीच्या धक्क्याने भेगेत उतरलेला असतो. मग मृगाचा पहिला जोराचा पाऊस येतो. मुरमाड किंवा वाळूच्या जमिनीत पाणी कणाकणांतून झिरपते, आणि वाटेत गाळले जाते. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिले पाणी झिरपत नाही, भेगांतून धावते. ज्या चिकणीने धातू आणि जंतू धरून ठेवायचे, तिच्या साडेपाच ग्रॅमच्या एकराला ते पाणी स्पर्शही न करता खालच्या मुरमात उतरते. आणि हे पाणी कसे असते? क्षारांविना. कॅल्शियम नाही, काही नाही. ज्या कॅल्शियमच्या जोरावर कण गोळा होऊन बसले होते, त्याचा जोर नेमका याच वेळी सर्वांत कमी असतो, आणि वरच्या थरातले कण सुटून पाण्यावर स्वार होतात. वर्षभरातला हा एकच पंधरवडा असा आहे, की जेव्हा खत सर्वांत मोकळे, भेगा सर्वांत रुंद आणि पाणी सर्वांत कोरे असते. आपण खत वाटण्यासाठी नेमका त्याच्याआधीचा महिना निवडला आहे.

वैशाख का निवडला, याची मला पूर्ण कल्पना आहे. वावर मोकळे असते, बंड्या आणि ट्रॅक्टर रिकामे असतात, आणि शेणखतही आम्ही तेव्हाच टाकतो. शेणखताचे हे वेळापत्रक योग्य असेल. त्याच्या ढेकळांत काड्या आणि तंतू असतात, आणि त्यात कॅडमियम शोधायला कोणी जात नाही. मैलागाळाला तेच वेळापत्रक लावणे, हे एकाच नावाच्या दोन माणसांना एकच गोळी देण्यासारखे आहे.

आणि मी आतापर्यंत फक्त धातूंबद्दल बोलले. विषाणू हे स्वतःच कलिल असतात. दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस अ चा, विषाणू सुमारे २७ नॅनोमीटरचा असतो. लहान मुलांना जुलाब करणारा रोटाव्हायरस ७० नॅनोमीटरच्या आसपास. जंताची अंडी त्यामानाने प्रचंड, काविळीच्या विषाणूच्या सुमारे दोन हजारपट मोठी. ती मातीत अडकतात, पण उन्हात आणि वाळवणीतही महिनोन्महिने तग धरतात. नीट कंपोस्ट केलेल्या, आतून तापलेल्या ढिगात हे सारे मरते. नुसत्या वाफ्यावर पसरून वाळवलेल्या गाळाबद्दल तेवढी खात्री देता येत नाही. अमेरिकेत १९९३ पासून लागू असलेल्या नियमांत मैलागाळाचे दोन वर्ग आहेत, आणि वरच्या वर्गात बसायला कोरड्या गाळाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म १,००० पेक्षा कमी असावे लागतात. खालच्या वर्गाच्या गाळावर पीक काढणीपासून गुरे चारण्यापर्यंत बंधने येतात. आम्हाला मिळणारा गाळ यांपैकी कोणत्या जातीचा आहे, हे पोत्यावर किंवा पावतीवर लिहिलेले असावे, ही अपेक्षा फार नाही. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते ती टाकेलच, पण गढूळ पाण्यातल्या कणांच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून बचावतात. म्हणूनच भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्याची गढूळता १ एककापर्यंत असावी, आणि दुसरा स्रोत नसेल तरच ५ पर्यंत चालवून घ्यावी, असे ठरवले आहे.

तेव्हा माझी पहिली विनंती वेळेची. वैशाखात तयार झालेले खत केंद्रातच, पाणी लागणार नाही अशा शेडखाली ठेवावे, शक्य तर कापलेल्या पऱ्हाट्या आणि काडीकचरा मिसळून पावसाळाभर कंपोस्ट होऊ द्यावे, आणि सोयाबीन निघाल्यावर, दसऱ्यानंतर, वाटावे. त्या वेळी जमीन ओली आणि भेगा मिटलेल्या असतात. वाफसा आला की वखराच्या एका पाळीत खत मातीत मिसळते, लगेच हरभरा पेरला जातो, आणि पाऊस सरत आलेला असतो. परतीचा पाऊस कधी दगा देतो हे मान्य, तरी फुगलेल्या जमिनीत त्याचे पाणी भेगांतून नाही, मातीतून जाईल. ज्यांना कपाशीसाठीच हवे असेल, त्यांनी ते दसऱ्याला नेऊन रब्बीच्या वावरात टाकावे आणि पुढच्या हंगामात तिथे पऱ्हाटी घ्यावी. पिकांची ही फेरपालट आमच्याकडे नवी नाही. शेडला खर्च येईल. पण पाच महिन्यांचा ढीग झाकून ठेवण्याचा खर्च हा एका गावाच्या नळयोजनेची विहीर बदलण्यापेक्षा कितीतरी कमी आहे. अमेरिकेच्या त्याच नियमांत नदी-नाल्यापासून १० मीटरच्या आत असा गाळ टाकायला मनाई आहे. आमच्या भेगाळ जमिनीत विहिरीच्या बाबतीत मी तेवढ्यावर समाधान मानणार नाही. ज्या वावरात विहीर आहे, त्या वावरात खत देऊच नये.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्याचा विचार वेगळा करावा लागेल. तिथल्या मातीत आणि पाण्यात सोडियम आहे. सोडियम एक भाराचे. ते कणांना बांधू शकत नाही, उलट मोकळे सोडते. मातीच्या कणांनी धरलेल्या धनभारांपैकी शेकडा १५ सोडियमचे असणे हा चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेल्या, जमिनीचा जगभर मानलेला उंबरठा. पण काळ्या जमिनीचा निचरा त्याच्या कितीतरी आधी, ५ टक्क्यांच्या आसपासच, बिघडू लागतो, असे पूर्णा खोऱ्यातल्या संशोधनातून पुढे आले आहे. अशा वावरात सेंद्रिय खताची गरज सर्वांत जास्त आहे आणि धोकाही. जिप्सम दिल्याशिवाय, म्हणजे कॅल्शियमची तजवीज केल्याशिवाय, तिथे मैलागाळ देणे म्हणजे तुरटीऐवजी घागरीत मीठ टाकून पाणी निवळण्याची वाट पाहणे होय.

भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांबद्दल मला लिहिण्याचा तितकासा अधिकार नाही, पण एक गोष्ट ध्यानात आणून देते. रोवणीआधीची चिखलणी म्हणजे शेतकऱ्याने हाताने केलेले कलिलच असते; माती मुद्दाम फोडून, कण सुटे करून, बांधीचे तळ बुजवले जाते. साचलेल्या पाण्याखाली हवा संपते, लोहाचे तांबूस कण विरघळू लागतात, आणि त्यांनी धरून ठेवलेले सारे मोकळे होते, स्फुरदही आणि नको ते धातूही. म्हणून काळ्या जमिनीसाठी मी जे वर मागितले आहे, ते जसेच्या तसे उचलून धानपट्ट्याला लावू नये. सिहार आणि मोरांड या जमिनी वेगळ्या, कन्हार जमीन वेगळी, हे तिथले शेतकरी कोणत्याही पत्रिकेशिवाय सांगतात, त्यांनाच विचारावे.

दुसरी विनंती तपासणीची. खताच्या प्रत्येक ढिगाचा, वर्षाला एकदा नाही तर प्रत्येक ढिगाचा, एकूण धातूंचा अहवाल काढून तो मराठीत केंद्राच्या फाटकावर लावावा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम ५, शिसे १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, तांबे ३०० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम या मर्यादा आहेत. आमच्या ढिगाचा आकडा त्यांच्याशेजारी लिहावा. हेक्टरी ५ टन या दराने शिसे मर्यादेइतके असेल तर एका खेपेला अर्धा किलो शिसे त्या हेक्टरात पडते, आणि पीक त्यातले नगण्य उचलते; म्हणजे ते तिथेच राहते. म्हणून कोणाला किती ट्रॉल्या, कोणत्या गट क्रमांकात, याची नोंदवही ठेवावी, आणि वावर विकले गेले तरी नोंद गट क्रमांकाबरोबर राहावी. विहिरींच्या पाण्याचे नमुने मृगाच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर घ्यावेत, उन्हाळ्यात घेऊ नयेत. त्यातला अर्धा नमुना गाळून आणि अर्धा न गाळता आम्लात पचवून मोजावा, आणि दोन्ही आकडे द्यावेत. या दोन आकड्यांतला फरक हाच तो भाग, ज्याच्यासाठी मी हे एवढे लांबलचक पत्र लिहिले. हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात आहे, पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था नागपुरात आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. काळ्या मातीच्या खनिजांवर जगाला ठाऊक असलेले काम आमच्याच उंबरठ्यावर झाले आहे; तिथवर दोन बाटल्या पोहोचवायला एसटी पुरते.

नोंदणीच्या अर्जात मी माझे नाव दिले आहे, आणि त्यापुढे ‘दसऱ्यानंतर’ असे लिहिले आहे. अर्ज घेणाऱ्या कर्मचाऱ्याने तसा रकाना नसल्याचे सांगितले. तो करून घ्यावा. पावसाळ्यातल्या नमुन्यांसाठी माझी विहीर उपलब्ध आहे. ती धुऱ्यापासून चाळीसेक पावलांवर, निंबाच्या झाडाखाली आहे, खोली ४२ फूट, आणि शेजारच्या ज्या वावरात मागल्या वर्षी खत पडले, ते चढाच्या बाजूला आहे. दोर आणि बादली तिथेच ठेवलेली असते. येण्याआधी निरोप द्यावा, म्हणजे मोटार बंद ठेवता येईल आणि तळ ढवळला जाणार नाही.

आपली विश्वासू,
एक शेतकरी व निवृत्त विज्ञान शिक्षिका
जिल्हा वर्धा